वडिलांचं बीपी माझ्या रक्तात आलंय, मग गोळी कशाला?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, माझं वय 34. गेल्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत माझं बीपी 148/94 निघालं. नंतर दोनदा मोजलं, जवळपास तेवढंच. टेल्मिसार्टनची रोज एक गोळी सुरू झाली. आजीला बीपी होतं. वडिलांना 49 व्या वर्षी पक्षाघात झाला. त्याआधी त्यांनी कधी बीपी मोजलंच नव्हतं. आठ वर्षं अंथरुणाला खिळून होते, मग गेले. माझा भाऊ तीन वर्षांनी मोठा, वजनानेही जास्त, पण त्याचं बीपी 118/76. मुलीच्या वेळी आठव्या महिन्यात माझं बीपी चढलं होतं, लघवीतून प्रथिनं जात होती, बाळंतपण लवकर करावं लागलं. मुलगी आता पाच वर्षांची आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस मला रात्रपाळी असते.

दोन महिन्यांपूर्वी मी गोळी बंद केली. जे रक्तातच आहे ते गोळीने कसं जाणार, असं वाटलं. आता लाळेच्या नमुन्यावरून बीपीची जनुकं शोधून देणाऱ्या तपासणीची जाहिरात पाहिली. ती करून घेऊ का? असं जनुक बंद करता येतं का? आणि मुलीकडे हे माझ्याकडून गेलंच असेल का? आम्ही दुसऱ्या बाळाचाही विचार करतोय. नाव छापू नये ही विनंती.

उत्तर

आधी कामाचं बोलू. पुढे वाचण्याआधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि दोन गोष्टी सांगा. गोळी दोन महिन्यांपासून बंद आहे, आणि दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे. रागावतील म्हणून पहिली गोष्ट लपवू नका आणि घाई कशाला म्हणून दुसरी मागे ठेवू नका. टेल्मिसार्टन ज्या गटातली आहे त्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना त्या इजा करतात. त्या काळासाठी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा अशी वेगळी, वर्षानुवर्षं वापरातली औषधं आहेत. त्यामुळे कपाटातली जुनी पट्टी काढून स्वतःच सुरू करू नका. कोणतं औषध घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या, फक्त ते याच आठवड्यात ठरू द्या.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते. ‘जे रक्तातच आहे ते गोळीने कसं जाणार.’ हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय आणि दर वेळी मला धास्ती वाटते, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. साफ खोट्या समजुतीपेक्षा असं अर्धं खरं माणसाला जास्त दिवस औषधापासून लांब ठेवतं.

खरा भाग असा. जुळ्या भावंडांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांवरून दिसतं की माणसामाणसांच्या रक्तदाबात जो फरक असतो त्याचा साधारण 30 ते 50 टक्के भाग वारशातून येतो. तुमच्या घरी तीन पिढ्यांत बीपी दिसतं, ते योगायोगाने नाही. पण ‘बीपीचं जनुक’ असं एक काही वडिलांकडून तुमच्याकडे आलं आणि भावाला चुकवून गेलं, असं झालेलं नाही. 2018 साली दहा लाखांहून जास्त माणसांच्या डीएनएची तुलना करणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याआधी माहीत असलेली आणि त्यात नव्याने सापडलेली मिळून रक्तदाबाशी नातं असलेली 901 ठिकाणं आपल्या डीएनएवर मोजली गेली. त्यानंतर यादी आणखी वाढली आहे. यातल्या बहुतेक ठिकाणांचा एकेकट्याचा परिणाम वरच्या आकड्यात जेमतेम एका अंकाचा, पुष्कळदा त्याहूनही कमी. भावाला आणि तुम्हाला दोघांनाही वडिलांचा निम्मा डीएनए मिळाला, पण तोच निम्मा नव्हे. शेकडो ठिकाणी त्याच्या वाट्याला एक तुकडा आला आणि तुमच्या वाट्याला दुसरा. बेरीज वेगळी होणारच.

आणि ‘रक्तात’ म्हणाल तर, ही बेरीज रक्तात फारशी होत नाही. ती मोठ्या प्रमाणात मूत्रपिंडात होते. 1983 साली प्रसिद्ध झालेली एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने मूत्रपिंडं निकामी झालेल्या सहा रुग्णांना, ज्यांना बीपीचा त्रास नव्हता अशा दात्यांची मूत्रपिंडं बसवली होती. सरासरी साडेचार वर्षांनी तपासलं तेव्हा सहाही जणांचं बीपी नॉर्मल होतं. माणूस तोच, रक्त तेच, वंश तोच. बदलला होता तो मीठ आणि पाणी किती ठेवायचं आणि किती सोडायचं हे ठरवणारा अवयव.

त्या 901 ठिकाणांपैकी बहुतेक ठिकाणं, प्रथिन कसं बनवायचं हे जिथे लिहिलेलं असतं त्या भागात नाहीत. ती त्याच्या आजूबाजूला आहेत. जनुक कुठल्या पेशीत वाचायचं, कधी वाचायचं, किती वेळा वाचायचं हे जिथून ठरतं त्या भागात. तुमच्या पत्राचं उत्तर मला इथेच दिसतं, म्हणून जरा थांबून सांगते.

तुमच्या यकृताच्या पेशीत आणि मूत्रपिंडाच्या पेशीत डीएनए एकच आहे, अक्षर न अक्षर सारखा. तरी यकृत यकृताचं काम करतं आणि मूत्रपिंड मूत्रपिंडाचं, कारण दोघं वेगवेगळी जनुकं वाचतात. वाचणं म्हणजे त्या जनुकाची आरएनएमध्ये नक्कल काढणं आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार करणं. एखाद्या जनुकाच्या तासाला चार नकला निघतील, एखाद्याच्या चारशे. सकाळी वेगळ्या, रात्री वेगळ्या. मीठ जास्त पोटात गेलं की वेगळ्या, घाबरलात की वेगळ्या. जनुक तुमच्याकडे आहे ही जन्माच्या वेळची गोष्ट झाली. ते आज किती वाचलं जातंय ही आजची गोष्ट आहे. बीपीच्या यंत्रावरचा आकडा यातल्या दुसऱ्या गोष्टीच्या जास्त जवळचा असतो.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मला उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसतो. यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचं एक प्रथिन बनवतं, बीपी वाढवणाऱ्या साखळीची सुरुवात तिथून होते. ऑलिव्हर स्मिथीज यांच्या प्रयोगशाळेने 1990 च्या दशकात असे उंदीर तयार केले की कुणाकडे या जनुकाची एकच प्रत, कुणाकडे दोन, कुणाकडे तीन, कुणाकडे चार. जनुकात दोष काहीच नव्हता. प्रथिनही अगदी नेहमीचं. फरक होता तो फक्त किती बनतं याचा. प्रत्येक वाढीव प्रतीमागे उंदरांचं बीपी सुमारे 8 अंकांनी चढत गेलं. उंदरांत जनुकं अशी नेमकी बदलण्याच्या तंत्राबद्दल स्मिथीज यांना पुढे 2007 साली नोबेल मिळालं.

आता तीच साखळी तुमच्या शरीरात बघू, कारण तुमची बंद केलेली गोळी याच साखळीवर बसते. यकृताने अँजिओटेन्सिनोजेन रक्तात सोडलं. मूत्रपिंडातल्या काही खास पेशी रेनिन बनवतात, ते रेनिन त्याचा एक तुकडा कापतं. 1898 साली टिगरश्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कात शोधलं ते हेच रेनिन. कापलेल्या तुकड्यापासून अँजिओटेन्सिन टू तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला सांगतं. हे अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाच्या पेशीत शिरतं, तिथल्या एका ग्राहक-प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटतं आणि दोघं मिळून थेट पेशीच्या केंद्रकात जातात. तिथे ती विशिष्ट जनुकं वाचायला लावतात. त्यातून तयार होणारी प्रथिनं मीठ शोषणाऱ्या वाहिन्या पेशीच्या पृष्ठभागावर वाढवतात. मीठ आत राहिलं की पाणी राहतं, पाणी राहिलं की दाब चढतो. अल्डोस्टेरॉनचा हा परिणाम लगेच दिसत नाही, साधारण तासभर लागतो. तो तास जनुक वाचण्यात आणि प्रथिन घडवण्यात जातो.

टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिन टू ला पेशीच्या दारातच अडवते. म्हणजे पुढे अल्डोस्टेरॉन कमी, म्हणजे मूत्रपिंडातली ती जनुकं कमी वाचली जातात. स्पायरोनोलॅक्टोन नावाची जुनी गोळी तर अल्डोस्टेरॉनच्या त्या ग्राहकालाच अडवते. गोळीने तुमचा डीएनए बदलत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण त्यातलं काय किती वाचलं जावं हे ती रोज बदलते, आणि बंद केली की काही दिवसांत वाचन जुन्या वेगाने सुरू होतं. म्हणून ती रोज घ्यायची असते. रोज घ्यावी लागते याचा अर्थ ती निरुपयोगी आहे, असा लोक लावतात तेव्हा मला वाईट वाटतं. वरचा आकडा 5 अंकांनी उतरवला तर हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या आजारांचा धोका सुमारे 10 टक्क्यांनी कमी होतो, असं 2021 साली अनेक औषध-चाचण्या एकत्र करून काढलेल्या हिशेबात दिसलं. तुम्ही तुमच्या वडिलांची आठ वर्षं जवळून पाहिली आहेत. हा 10 टक्क्यांचा आकडा तुमच्यासाठी काय आहे ते मी सांगायला नको.

वडिलांबद्दल एवढंच म्हणते. त्यांच्याकडून तुम्हाला जनुकं आली. त्यांचं कधीच न मोजलेलं बीपी तुमच्याकडे आलेलं नाही. तुमचं 33 व्या वर्षी मोजलं गेलं. ही सोळा वर्षं त्यांच्या हातात नव्हती, तुमच्या हातात आहेत.

मीठ, झोप, चालणं हे सल्ले तुम्ही शंभरदा ऐकले असतील आणि जनुकांपुढे ते किरकोळ वाटत असतील. मला ते किरकोळ वाटत नाहीत, कारण तेही वाचनाच्या याच पातळीवर पोचतात. शरीरात मीठ जास्त झालं की निरोगी माणसात रेनिनचं वाचन मंदावतं आणि मूत्रपिंड जास्तीचं मीठ सोडून देतं. काहींमध्ये हे मंदावणं पुरेसं होत नाही, त्यांचं बीपी मिठाने चढतं. ज्यांच्या घरात बीपी आहे त्यांनी आपण यातले आहोत असं धरून चालावं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि त्यात पाकिटबंद पदार्थांमधलं लपलेलं मीठही धरायचं असतं.

चालण्याचं असं. वेगाने चालताना रक्त वाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरून जोरात वाहतं. त्या घर्षणाने अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक जास्त वाचू लागतात. नायट्रिक ऑक्साइड वाहिनीला सैल करतं. त्याचं हे काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 साली नोबेल मिळालं. म्हणजे चालण्यातसुद्धा तुम्ही एक जनुक जास्त वाचायला लावत असता.

रात्रपाळीकडे मात्र तुम्ही सहज लिहिल्यासारखं लिहिलंय, आणि मला ते पत्रातल्या महत्त्वाच्या वाक्यांपैकी एक वाटलं. बहुतेक पेशींमध्ये दिवस-रात्रीचं भान ठेवणारी ‘घड्याळ-जनुकं’ असतात. मूत्रपिंडातही असतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की यातलं पीईआर-1 नावाचं जनुक मीठ शोषणाऱ्या वाहिनीच्या जनुकाचं वाचन वाढवतं. रात्री झोपेत बीपी दिवसापेक्षा 10 ते 20 टक्क्यांनी उतरायला हवं. ज्यांचं उतरत नाही त्यांच्या हृदयावर, मेंदूवर, मूत्रपिंडावर जास्त ताण येतो. पाळ्या फिरत्या असल्या की हे घड्याळ आणि तुमची झोप एकमेकांशी जुळत नाहीत. नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही, ते इतकं सोपं नसतं. पण डॉक्टरांकडे 24 तास दंडाला लावायच्या बीपी-यंत्राची तपासणी मागा. शक्य झालं तर एकदा दिवसपाळीच्या आठवड्यात आणि एकदा रात्रपाळीच्या. दोन कागद शेजारी ठेवले की रात्रपाळीने तुमचं बीपी किती बदलतं याचा चांगला अंदाज येईल. पाळ्या बदलून मागायची वेळ आली तर तेच कागद कामी येतील.

आता बाळंतपणाच्या वेळचं बीपी. त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. तेव्हा काय होतं ते जनुकांच्या वाचनाचंच एक विलक्षण उदाहरण आहे. वार, म्हणजे प्लॅसेंटा, एफएलटी-1 या जनुकापासून एक प्रथिन बनवते, ते आईच्या रक्तात उतरतं. रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणारे काही घटक ते बांधून टाकतं. अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवलं की प्रीएक्लॅम्प्सियात हे प्रथिन फार वाढलेलं असतं आणि तेच उंदरिणींना दिल्यावर त्यांचं बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. वारेतला डीएनए बाळाचा असतो, आईचा नव्हे. 2017 सालच्या एका अभ्यासात बाळाच्या डीएनएमधल्या याच जनुकाजवळच्या एका फरकाचा आईच्या प्रीएक्लॅम्प्सियाशी संबंध दिसला. यात तुमचा दोष नाही, मुलीचा तर नाहीच, आणि तिच्या कानावर हे कधी ‘तुझ्यामुळे माझं बीपी’ अशा शब्दांत पडू नये एवढी काळजी घ्या. पण ज्या बाईला एकदा प्रीएक्लॅम्प्सिया झालाय तिला पुढे कायमचं बीपी होण्याची शक्यता काही पटींनी जास्त असते, आणि पुढच्या गरोदरपणात तो परत होऊ शकतो. म्हणून दिवस राहण्याआधीच बीपी आटोक्यात हवं. स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत मागची हकीकत सांगा. अ‍ॅस्पिरिनची लहान मात्रा बाराव्या आठवड्यानंतर सुरू केली तर त्याचा धोका कमी होतो, ती तुम्हाला द्यायची का हे त्या ठरवतील.

लाळेच्या तपासणीबद्दल. माझं मत विचाराल तर नको. ती काय सांगेल? शेकडो ठिकाणांची बेरीज करून तुमचा धोका सरासरीपेक्षा जास्त आहे असं सांगेल. ते तुमच्या आजीने, वडिलांनी आणि 148/94 या आकड्याने आधीच सांगितलंय. औषध कोणतं द्यायचं हे त्या कागदावरून ठरत नाही. आणि कागदावर ‘धोका जास्त’ आलं की तुमच्या मनातलं ते जुनं वाक्य आणखी घट्ट होईल, ही माझी खरी भीती आहे. ब्रिटनमधल्या पावणेतीन लाख लोकांच्या नोंदींवर 2018 साली असा अभ्यास झाला. वारशाने कमी, मध्यम आणि जास्त धोका असे तीन गट केले, आणि प्रत्येक गटात राहणीमान चांगलं असणाऱ्यांची तुलना तसं नसणाऱ्यांशी केली. तिन्ही गटांत चांगलं राहणाऱ्यांचं बीपी कमी होतं, आणि हा फरक तिन्हीकडे जवळपास सारखाच होता. जनुकं वाईट म्हणून काळजी घेण्याचा फायदा कमी झाला, असं काही दिसलं नाही.

त्याऐवजी दुसरी एक तपासणी मागून घ्या. तुमचं बीपी चाळिशीच्या आत निघालंय. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की चाळिशीच्या आत बीपी निघालं तर त्यामागे दुसरं काही कारण आहे का हे नीट शोधावं. रक्तातलं पोटॅशियम, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, आणि रेनिन व अल्डोस्टेरॉन यांचं प्रमाण. हे शेवटचं विशेष. काही लोकांत अ‍ॅड्रिनल ग्रंथी कुणाचं न ऐकता अल्डोस्टेरॉन सोडत राहते. त्यातल्या काहींच्या ग्रंथीत बारीकशी गाठ असते. 2011 साली रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने दाखवलं की अशा काही गाठींमध्ये केसीएनजे-5 नावाच्या जनुकात बदल झालेला असतो. तो बदल फक्त त्या गाठीच्या पेशींत असतो. आईवडिलांकडून आलेला नसतो, मुलांकडे जात नाही, आणि लाळेच्या तपासणीत तर दिसणारच नाही. गाठ एकाच बाजूला असेल तर शस्त्रक्रियेने बरं होण्याची चांगली संधी असते. घरात बीपी आहे म्हणून ‘आनुवंशिक’ असा शिक्का मारून ही शक्यता न तपासणं बरोबर नाही. रक्त द्यायला जाताना कोणती औषधं चालू आहेत ते सांगा, काहींमुळे या आकड्यांचा अर्थ बदलतो. जेष्ठमध असलेलं काही रोज घेत असाल तर तेही सांगा. त्याने शरीरातलं एक एन्झाइम अडतं आणि अल्डोस्टेरॉन वाढल्यासारखाच परिणाम दिसतो.

एकाच जनुकामुळे बीपी होणारी घराणी जगात आहेत, पण विरळ. त्यातल्या एकाबद्दल सांगितल्यावाचून राहवत नाही. 1992 साली लिफ्टन यांच्याच गटाने एका कुटुंबाचं कोडं सोडवलं. त्यांच्यात शेजारशेजारची दोन जनुकं एकमेकांत अडकून जुळली होती. अल्डोस्टेरॉन बनवणाऱ्या जनुकाला शेजारच्या जनुकाचा चालू-बंद करणारा भाग लागला होता. जनुकाचा मजकूर ठीक, बटण मात्र दुसऱ्याचं. त्यामुळे मिठाच्या हिशेबाने चालायचं ते अल्डोस्टेरॉन ताणाच्या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर बनू लागलं, आणि लहानपणीच बीपी. उपाय काय, तर अगदी थोड्या मात्रेत स्टेरॉइड देऊन तो इशाराच कमी करणं. गोर्डन सिंड्रोम नावाच्या दुसऱ्या एका आजारात काही घराण्यांत डब्ल्यूएनके-1 हे जनुक प्रमाणाबाहेर वाचलं जातं, आणि थायाझाइड या लघवी वाढवणाऱ्या साध्या गोळीने त्यांचं बीपी उतरतं. दोन्हीकडे दोष जन्मजात, पक्का, डीएनएत लिहिलेला. दोन्हीकडे गोळी लागू पडते.

जनुक बंद करता येतं का, हे तुम्ही विचारलंत. डीएनएतलं जनुक तिथेच ठेवून त्याची नक्कल नष्ट करता येते. आरएनए वापरून जनुक गप्प करण्याच्या या पद्धतीच्या शोधाबद्दल अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना 2006 साली नोबेल मिळालं. तिच्यावर आधारलेलं झिलेबेसिरान नावाचं इंजेक्शन चाचण्यांमध्ये आहे. ते यकृतात जाऊन त्याच अँजिओटेन्सिनोजेनच्या नकला नष्ट करतं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या सुरुवातीच्या चाचणीत एका इंजेक्शनचा परिणाम 24 आठवड्यांपर्यंत टिकला होता. रोजची गोळी विसरणाऱ्यांसाठी ही मोठी आशा आहे आणि मला तिचा आनंद आहे. पण तुम्ही तिच्या वाटेकडे डोळे लावून गोळीविना बसू नका. तुमची गोळी त्याच साखळीला एक-दोन पायऱ्या पुढे अडवते, आणि ती आज हातात आहे. शिवाय बाळाचा विचार चालू असताना या साखळीवरची कुठलीच नवी गोष्ट तुमच्यासाठी नाही.

मुलीकडे तुमचा निम्मा डीएनए गेलाय, तिच्या बाबांचाही निम्मा गेलाय. शेकडो ठिकाणी तिच्या वाट्याला काय आलं ते तिचं तिचं आहे, आणि ते कसं वाचलं जाईल हे अजून ठरायचं आहे. तिची जनुकं आत्ता तपासू नका. बालरोगतज्ज्ञांकडे वर्षातून एकदा तिचं बीपी मोजून घ्या, तीन वर्षांनंतर ते करावंच. मोजताना पट्टा लहान मुलांच्या दंडाचा हवा, मोठ्यांच्या पट्ट्यावर आकडा चुकीचा येतो. ती वेळेआधी जन्मली हेही त्यांना सांगा. मूत्रपिंडातल्या गाळण्या पोटातच तयार होतात, जन्मानंतर फारशा वाढत नाहीत, म्हणून कमी वजनाच्या आणि लवकर जन्मलेल्या मुलांचं बीपी मोठेपणी थोडं जास्त लक्ष ठेवून पाहावं लागतं. लक्ष ठेवणं म्हणजे एवढंच, काळजीने तिच्या ताटाकडे बघत बसणं नव्हे.

तुमचं स्वतःचं मात्र आता घरी मोजायला लागा. दंडाला लावायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको, लघवी करून या, पाठ टेकून पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, दंड हृदयाच्या उंचीला ठेवा, मध्ये बोलू नका. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत 135/85 च्या वर म्हणजे जास्त. रात्रपाळीच्या आठवड्यात कोणत्या झोपेनंतर मोजलं तेही शेजारी लिहा. भावालाही वर्षातून एकदा मोजायला सांगा. 118/76 हा त्याचा आजचा आकडा आहे, आणि वडील त्याचेही होते.

आणखी एक काम आहे. वडिलांच्या आजारपणाची फाइल घरात कुठेतरी जपून ठेवलेली असेल. अशी फाइल उघडायला जड जातं हे मला ठाऊक आहे, एकटीने उघडू नका, भावाला बरोबर घ्या. त्यात दोन गोष्टी शोधा. मेंदूच्या स्कॅनच्या अहवालात गुठळी लिहिली आहे की रक्तस्राव, आणि दवाखान्यात नेलं त्या पहिल्या दिवशी पोटॅशियम किती होतं. अल्डोस्टेरॉन जास्त असलं की पोटॅशियम घसरू शकतं, म्हणून ते फार कमी निघालं असेल, तर अल्डोस्टेरॉनची जी तपासणी मी तुम्हाला सांगितली ती भावानेही करून घ्यायला हवी. दोन्ही कागदांचे फोटो काढा आणि डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला घेऊन जा.